भंगार लोखंडाचं पुढं काय होतं? सांगली, मिरज, कुपवाड भागातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कुपवाड एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीसाठी, म्हणजे लोखंड वितळवून साच्यात ओतणाऱ्या कारखान्यासाठी, मी भंगार खरेदी बघतो. वजनकाट्यावर गाडी उभी राहिल्यापासून माल भट्टीत जाईपर्यंत त्यात काय आलंय, काय यायला नको होतं, ते बघायचं काम माझं. शेतकरी, वर्कशॉपवाले, दुकानदार, प्रोजेक्टला आलेली कॉलेजची पोरं सगळे जवळपास तेच प्रश्न विचारतात, ते इथं एकत्र केलेत. उत्तरं फाउंड्रीवाल्याची आहेत, हे ध्यानात ठेवून वाचा.

दारावरच्या भंगारवाल्याला दिलेलं लोखंड शेवटी जातं कुठं?

आधी गल्लीतल्या दुकानात. तिथं पहिली निवड होते, आणि माझ्या मते अख्ख्या साखळीतलं सगळ्यात कसबी काम तेच. जुना माणूस हातोड्याचा एक ठोका मारून सांगतो: बिडाचा (ओतीव लोखंडाचा) आवाज बद्द येतो आणि तुकडा मोडतो, पोलाद खणखणतं आणि वाकतं. शंका राहिली तर ग्राइंडरला लावून ठिणगी बघायची. बिडाची ठिणगी आखूड आणि तांबूस, साध्या पोलादाची लांब, पिवळसर पांढरी. मशीन नाही, रिपोर्ट नाही, तरी चूक क्वचितच होते.

तिथून माल मोठ्या व्यापाऱ्याकडं जातो आणि वाटा फुटतात. बिडाचा माल आणि चांगला पत्रा कुपवाड, मिरज, पलूसच्या किंवा कोल्हापूरकडं शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांकडं येतो. अँगल, सळ्या, जाड प्लेटा यांतला बराच माल इंडक्शन, म्हणजे विजेच्या, भट्टीवर चालणाऱ्या पोलाद कारखान्यांत जातो आणि तिथून बांधकामाची सळई होऊन परत येतो. जालन्याचा सळईचा धंदा बराचसा याच मालावर उभा आहे. तिसरी वाट लोकांना दिसत नाही: धड असलेला अँगल, पाइप, गेट, मोटारीचं बेस हे वितळवायला जातच नाही, जुन्या बाजारात विकलं जातं. पर्यावरणाचा विचार केला तर यापेक्षा चांगलं काही नाही. जे वितळवायची गरजच नाही त्याला वीजही लागत नाही.

भंगार वापरल्यानं फायदा होतो म्हणता, पण किती? आकडा सांगा.

केंद्र सरकारनं 2019 मध्ये पोलाद भंगार पुनर्वापर धोरण जाहीर केलं, त्यात हिशेब दिलाय. एक टन भंगार वापरलं की साधारण 1.1 टन लोहखनिज, 630 किलो कोकिंग कोळसा आणि 55 किलो चुनखडी वाचते. खनिजापासून पोलाद करण्याच्या तुलनेत ऊर्जा 16 ते 17 टक्के कमी, पाणी 40 टक्के कमी आणि हरितगृह वायू 58 टक्के कमी, असं त्याच धोरणात म्हटलंय.

कारण रसायनशास्त्रात आहे. खनिजात लोखंड ऑक्सिजनला घट्ट धरून बसलेलं असतं. तो ऑक्सिजन काढायला कार्बन लागतो, म्हणजे कोक (भाजलेला दगडी कोळसा), आणि तो कार्बन ऑक्सिजनला घेऊन कार्बन डायऑक्साइड होऊन धुराड्यातून जातो. भंगारात हे काम कुणीतरी आधीच, कधी पन्नास वर्षांपूर्वी, करून ठेवलेलं असतं. आपल्याला फक्त वितळवायचं असतं. जगाच्या एकूण कार्बन डायऑक्साइडपैकी सुमारे 7 ते 8 टक्के एकट्या लोखंड-पोलाद उद्योगाचा आहे, त्यामुळं ही बचत किरकोळ नाही.

पण भट्टी विजेवर चालते आणि वीज कोळशाचीच. मग वाचलं काय?

हा प्रश्न विचारणाऱ्याला मी आधी चहा सांगतो, कारण प्रश्न बरोबर आहे.

इंडक्शन भट्टीत एक टन धातू वितळवायला साधारण 550 ते 700 युनिट लागतात. भट्टी जुनी, अस्तर खराब, धातू तयार होऊनही साच्यांची वाट बघत थांबलेला, असं असेल तर त्याहून जास्त. देशाच्या ग्रीडमधल्या एका युनिटमागे साधारण 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड धरला जातो. 600 युनिट धरले तर टनामागे 420 किलो. भारतात पोलाद तयार होताना सरासरी टनामागे अडीच टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड जातो. दोन आकड्यांची तुलना तंतोतंत नाही, कारण माझ्या 420 किलोत फक्त वितळवणं आहे. वाहतूक, साच्याची वाळू, धातूत मिसळायचं फेरोसिलिकॉन यातलं काहीच नाही. तरी फरक कुठल्या बाजूला आहे ते स्पष्ट दिसतं.

वीज सौर किंवा वाऱ्याची झाली तर हे 420 किलोही खाली येतात. खनिजाच्या भट्टीला ती सोय नाही, तिचा कोळसा नुसता इंधन नाही, प्रक्रियेचाच भाग आहे.

एक गोष्ट मात्र जाहिरातीत कुणी सांगत नाही. घाण भंगारानं हीच बचत आतून पोखरली जाते. मातीचा गोळा वितळवायलाही वीजच लागते, आणि त्याची नुसती मळी (धातूवर तरंगणारा टाकाऊ थर) होते. टनात पन्नास किलो माती-गंज आला तर तेवढी वीज पाण्यात. एक हीट (भट्टीची एक खेप) चुकीची निघाली आणि अख्खी कास्टिंग (ओतलेल्या वस्तू) परत वितळवायची वेळ आली, तर एकाच मालाला दोनदा वीज लागली. पुढच्या बऱ्याच उत्तरांत मी ‘वेगळं ठेवा’ म्हणणार आहे, ते याचसाठी.

फाउंड्रीत तर बीड ओततात. मग पोलादाचं भंगार तिथं कशाला?

बिडात कार्बन सव्वातीन ते साडेतीन टक्क्यांच्या आसपास, साध्या पत्र्यात पाव टक्काही नाही. पूर्वी कपोला भट्टीत कोक जाळायचे आणि पिग आयर्न, म्हणजे थेट खनिजापासून केलेलं कच्चं लोखंड, भरपूर वापरायचे. आता इंडक्शन भट्टीत गाड्यांच्या कारखान्यातल्या पत्र्याचे गठ्ठे टाकायचे, वरून मोजून कार्बन आणि फेरोसिलिकॉन द्यायचं, की बीड तयार. जितकं पिग आयर्न कमी, तितकं खनिज आणि कोक कमी. फाउंड्रीच्या हातातली सगळ्यात मोठी पर्यावरणाची कळ हीच आहे, गेटवर लावलेली चार झाडं नव्हेत.

आपल्या भागाला हे काम नवीन नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 मध्ये औंध संस्थानच्या माळावर, कुंडलजवळ, नांगराचा कारखाना काढला तेव्हापासून इथं बीड ओतलं जातंय.

वारंवार वितळवून लोखंडाचा दर्जा उतरतो का?

लोखंड थकत नाही. पण त्याच्याबरोबर आलेली बाकीची मंडळी घर सोडत नाहीत. तांबं आणि कथील ही त्यातली दोन. पोलाद वितळवताना मँगनीज, सिलिकॉन काही प्रमाणात जळून मळीत निघून जातं. तांबं जळत नाही, त्याच्याआधी लोखंडच जळेल. मग ते पोलादातच राहतं आणि तापवून लाटताना पृष्ठभागाला बारीक चिरा पाडतं. प्रत्येक फेरीत थोडं तांबं वाढत गेलं तर ते कमी करायला शेवटी नवीन लोखंडच मिसळावं लागतं, म्हणजे आपण पुन्हा खाणीकडं.

गंमत अशी की बिडाच्या काही ग्रेडमध्ये आम्ही तांबं मुद्दाम घालतो, ताकद वाढायला. पण ते मोजून. मोटारीच्या गुंडाळीतून न सांगता आलेलं तांबं वेगळं. शिसं तर त्याहून वाईट: टक्क्याच्या शंभराव्या भागाएवढं असलं तरी बिडातल्या ग्रॅफाइटची ठेवण बिघडवतं आणि कास्टिंग कमजोर निघतं.

द्राक्षबाग काढली. मांडवाची तार आणि अँगल एकत्रच विकू का?

नको. तासगाव, कवठेमहांकाळ, मिरज पट्ट्यातून हा माल बराच येतो, आणि बहुतेक वेळा तारेच्या जंजाळात अँगल, त्यात प्लास्टिकच्या सुतळ्या, ठिबकच्या नळ्या आणि वेलीची वाळकी लाकडं असा एकच भारा असतो. दर पडतो तो त्यामुळंच.

अँगल वेगळे करा. सरळ असतील तर आधी दुसऱ्या बागायतदाराला विचारा, भंगारापेक्षा पैसे जास्त येतील. तारेवर जस्ताचा थर असतो. जस्त 907 अंशाला उकळतं, आणि भट्टीतला धातू 1,400 ते 1,500 अंशावर असतो, म्हणजे तार आत पडली की जस्ताचा पांढरा धूर. तो छातीत गेला की भट्टीवरच्या माणसाला रात्री थंडी वाजून ताप भरतो. धूर ओढून गाळायची सोय असलेल्या मोठ्या कारखान्यात असा माल चालतो, प्रत्येक लहान फाउंड्रीत नाही. म्हणून तार वेटोळी करून, वेगळी बांधून, ‘जस्ताची आहे’ असं सांगून द्या. बेदाणा शेडच्या जस्ती पत्र्याचंही तेच.

विहिरीतली जळकी मोटार आहे तशी दिली तर चालेल?

चालेल, पण तुमचं नुकसान आणि आमचंही. आतल्या तांब्याचा दर लोखंडाच्या कित्येक पट आहे. खात्रीच्या दुकानात तुमच्यासमोर खोलून घ्या. तांबं वेगळं, बिडाची बॉडी वेगळी, आतल्या पातळ पट्ट्या वेगळ्या. त्या पट्ट्यांत सिलिकॉन असतं, फाउंड्रीला त्या आवडतात.

वायरवरचं प्लास्टिक जाळून तांबं काढू नका. ओढ्याकाठी, माळावर रात्री काळा धूर दिसतो तो बऱ्याचदा याचाच. पीव्हीसी जळाल्यावर विषारी वायू निघतात आणि राख शेवटी पाण्यातच उतरते. हातानं सोला किंवा सोलायच्या मशीनवाल्याला द्या. सोललेल्या तारेला दरही बरा मिळतो.

स्टीलची भांडी लोखंडात चालतात का?

स्टेनलेस स्टील कधीच लोखंडाच्या पोत्यात टाकू नका. पहिलं कारण दर. दुसरं कारण क्रोमियम. चांगल्या भांड्याच्या स्टीलमध्ये 18 टक्क्यांच्या आसपास क्रोमियम असतं. पाचशे किलोच्या भट्टीत पाच किलो भांडी चुकून गेली तर बिडात जवळपास 0.18 टक्के क्रोमियम चढतं. ऐकायला काहीच नाही. पण पातळ कास्टिंगच्या कडा काचेसारख्या कडक होतात आणि मशीनशॉपमध्ये ड्रिल मोडायला लागले की फोन आम्हाला येतो.

चुंबक लावून बघा. चांगल्या भांड्याला चिकटत नाही, किंवा अगदी हलकं धरतं. काही जातींचं स्टील मात्र पूर्ण चिकटतं, तेव्हा फक्त चुंबकावर विसंबू नका. वर्षानुवर्षं वापरून गंज नाही आणि आतून चकचकीत आहे, तर वेगळं ठेवायचं.

भंगारात काय अजिबात येता कामा नये?

तोंड बंद असलेली कुठलीही पोकळ वस्तू. शॉक अबसॉर्बर, गॅसची छोटी टाकी, आग विझवायचं सिलिंडर, फ्रिजचा कॉम्प्रेसर, दोन्ही टोकं ठोकून बंद केलेला पाइप. आत हवा, तेल किंवा पाणी असतं. पाण्याची वाफ झाली की ती सुमारे 1,700 पट जागा मागते. वितळलेल्या धातूखाली ती जागा मागायला लागली की धातू वर उडतो. भट्टीवर झालेल्या अपघातांमागं बऱ्याचदा असंच काहीतरी क्षुल्लक निघतं. 2019 आणि 2021 च्या महापुरानंतर गाळानं भरलेली कपाटं, दिवाण, चौकोनी पाइपचे स्टँड असा माल बाजारात आला. वरून वाळलेला दिसायचा, आतल्या पोकळीत चिखल ओला. असा माल कापून, उघडून, उन्हात टाकल्याशिवाय भट्टीजवळ नेऊ नये.

घरगुती गॅसचं सिलिंडर तर तुमच्या मालकीचंच नसतं, तेल कंपनीचं असतं. ते एजन्सीत परत करा.

आणि दवाखाना किंवा प्रयोगशाळेतलं, पिवळ्या-काळ्या पाकळ्यांचं चिन्ह असलेलं जड यंत्र दिसलं तर हात लावू नका, पोलिसांना कळवा. 2010 मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात एका विद्यापीठानं विकलेल्या यंत्रातून कोबाल्ट-60 बाहेर आलं आणि एका माणसाचा जीव गेला. ते यंत्र उघडणाऱ्यांना शिशाच्या दरापलीकडं काही माहीत नव्हतं.

गंजलेलं लोखंड घेता का?

जाड असेल तर खुशाल आणा. पातळ पत्रा पार झिजला असेल तर त्यात लोखंड कमी आणि गंज जास्त. शुद्ध गंजातही वजनाचा साठ-सत्तर टक्के भाग लोखंडच असतो, पण आमच्या भट्टीत तो बराचसा मळीत जातो. विकायचंच आहे तर पावसाळ्यापूर्वी विका.

लेथ-ड्रिलखालचा चुरा, म्हणजे टर्निंग, बोरिंग, याचं काय करायचं?

हा प्रश्न वर्कशॉपवाल्यांचा, आणि इथं सुधारायला सगळ्यात जास्त वाव आहे.

बिडाचं बोरिंग कोरडं आणि स्वच्छ असलं तर सोन्यासारखा माल. पण बहुतेक शॉपमध्ये एकाच झाडूनं सगळ्या मशीनखालचं एका पिंपात: बीड, पोलाद, ॲल्युमिनियम, पितळ, चहाचे कप, कूलंटचं (कापताना थंड ठेवायला सोडलेलं) पाणी. असा माल कुठल्याच भट्टीला नको असतो. मशीनला एक डबा ठेवा, डब्यावर खडूनं धातूचं नाव लिहा, तळाला भोकं पाडून कूलंट निथळू द्या आणि तो गटारात सोडण्याऐवजी गोळा करा. तेलकट चुरा भट्टीत पडला की जाळ आणि काळा धूर निघतो. ओल्या चुऱ्याचा मोठा ढीग आपोआप गरमही होतो, म्हणून शेडच्या कोपऱ्यात साठवत बसू नका. माल मोठा असेल तर दाबून विटा करून घ्या. त्या भट्टीत बुडतात, जळून कमी जातं आणि टेंपोतही जास्त वजन बसतं.

जुनी गाडी गल्लीतल्या भंगारवाल्याला विकली तर?

कागदोपत्री गाडी तुमच्याच नावावर राहते. उद्या तिच्या नंबर प्लेटनं काही उद्योग झाला तर पोलीस तुमच्या दारात. सप्टेंबर 2021 मध्ये अधिकृत वाहन स्क्रॅपिंग केंद्रांचे नियम आले. अशा केंद्रात गाडी दिली की ‘सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट’ मिळतं, आरटीओची नोंद रद्द होते आणि नवीन गाडी घेताना त्या सर्टिफिकेटवर करात सवलत मिळू शकते. तिथं बॅटरी, ऑइल, एसीचा गॅस आधी काढून घेतात. गाडीच्या वजनातला निम्म्याहून जास्त भाग लोखंड-पोलाद असतो, पण माती नासवतो तो उरलेला भाग.

स्वस्तात माल मिळतोय, बिल नाही. घ्यावा का?

बंधाऱ्याचे बर्गे, गटाराची झाकणं, पुलाचे कठडे, रेल्वेचा रूळ किंवा फिशप्लेट (रूळ जोडायची पट्टी) असं काही दिसलं तर अजिबात नाही. रेल्वेच्या मालासाठी 1966 पासून वेगळा कायदा आहे आणि नुसतं जवळ बाळगणंही महागात पडतं. बर्गे चोरीला गेले की उन्हाळ्यात त्या बंधाऱ्यावरच्या गावांचं पाणी वाहून जातं. दुकानदारानं विकणाऱ्याचं ओळखपत्र आणि गाडी नंबर लिहून ठेवावा. नाव सांगायला कचरणारा माणूस परत येत नाही, तेवढाच ताप वाचतो.

जीएसटीचं काय?

लोखंडाच्या भंगारावर 18 टक्के. 10 ऑक्टोबर 2024 पासून नोंदणी नसलेल्याकडून नोंदणीकृत व्यापाऱ्यानं माल घेतला तर कर माल घेणाऱ्यानं भरायचा, आणि दोन नोंदणीकृत व्यापाऱ्यांतल्या व्यवहाराला 2 टक्के टीडीएसचा नियम आहे. पुढचं तुमच्या सीएला विचारा. घरातलं भंगार विकणाऱ्यानं यात पडायचं कारण नाही.

सगळ्यांनी भंगारच वापरलं तर खाणी बंद होतील?

लवकर नाही. आज बांधलेल्या इमारतीतली सळई बाहेर यायला पन्नास-साठ वर्षं जातात, आणि तोवर मागणी किती तरी वाढलेली असते. भंगार हवं तेवढं तयार करता येत नाही, ते वापरात असलेल्या जुन्या वस्तूंतूनच येतं. 2019 च्या धोरणात देशातलं भंगार अडीच कोटी टन आणि आयात 70 लाख टन असा अंदाज दिला होता. म्हणजे आपल्या परड्यात गंजत पडलेलं लोखंड असताना आपण बोटीनं भंगार मागवतो.

फाउंड्रीचं स्वतःचं प्रदूषण नाही का?

आहे. भट्टीचा धूर, धूळ, वापरून जळालेली वाळू, मळी. वाळू पुन्हा वापरता येते, उरलेली पेव्हर ब्लॉक, विटांत खपवता येते, पण त्याला यंत्रणा लागते आणि लहान युनिटला खर्च जड जातो. रस्त्याकडेला टाकलेले काळ्या वाळूचे ढीग तुम्हीही पाहिले असतील. भंगार वापरतो म्हणून बाकी सगळं माफ, असा युक्तिवाद आमच्यातले काही जण करतात. मला तो पटत नाही.

युरोपात माल पाठवतो. भंगाराचा हिशेब ठेवावा लागेल का?

युरोपचा सीमेवरचा कार्बन कर 1 जानेवारी 2026 पासून प्रत्यक्ष लागू झाला. लोखंड-पोलादाच्या अनेक वस्तू त्यात आहेत, सगळी कास्टिंग नाहीत, तेव्हा आधी आपल्या मालाचा कस्टम्सचा कोड बघा. प्रत्येक हीटला पिग आयर्न किती, भंगार किती, युनिट किती, हे लिहायची सवय मात्र आत्ताच लावा. ती वही कारखान्याचा स्वतःचा खर्च बघायलाही उपयोगी पडते.

माझ्याकडं दहा-पंधरा किलोच आहे. थेट फाउंड्रीत आणू का?

नको, गेटवरच अडाल. जवळच्या दुकानात द्या. दोन पोती करा, एकात लोखंड, दुसऱ्यात तांबं-पितळ-स्टील-ॲल्युमिनियम, आणि आधी दुसरं पोतं काट्यावर ठेवायला सांगा.